दवाखाना कुणाचा? परळच्या आरोग्यसंस्थांची कहाणी

स्मरणिका समितीच्या तरुण मंडळींनी विहाराच्या वर्धापन दिनासाठी आमच्याकडे लेख मागितला. आम्ही म्हटलं, बाबांनो, आम्ही आयुष्यभर त्रासन खात्यात सूत काढलं. कागदावर अक्षरं काढायची सवय आम्हाला उशिरा लागली, तीही पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. पण मंडळी ऐकेनात. शेवटी ठरवलं, जे रोज डोळ्यांसमोर आहे त्याचाच इतिहास सांगावा.

आपल्या वस्तीतून पायी निघालं तर थोड्याच अंतरात हाफकिन संस्था, केईएम, वाडियाची दोन रुग्णालयं, टाटा मेमोरियल आणि कामगार विम्याचं गांधी हॉस्पिटल लागतं. आपल्यापैकी कुणाचा जन्म वाडियात झाला, कुणाचा बाप केईएममध्ये गेला, कुणाच्या घरी गावाकडचा पाहुणा टाटाच्या तारखेसाठी महिना-महिना राहिला. आपल्याला इमारत दिसते, रांग दिसते, डॉक्टर दिसतो. पण ही इमारत इथेच का उभी राहिली, हिचा रोजचा खर्च कोण भरतो, आत कोणी बसायचं हे कोणी ठरवलं, हे आपण विचारत नाही. या लेखात आम्हाला तेच विचारायचं आहे. कारण इतकी वर्षे बघून आमचं मत असं झालं आहे की, दवाखाना विटांनी उभा राहतो खरा, पण टिकतो तो सुरुवातीला घातलेल्या अटींवर आणि नंतरच्या देखभालीवर.

दगड कुणी मारले?

सुरुवात एका कटू गोष्टीने करावी लागेल. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. महिनाभराने, ऑक्टोबरमध्ये, गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. होय, आपल्याच गिरणगावच्या लोकांनी. ते अडाणी होते म्हणून असं झालं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तो न्याय नव्हे.

त्या माणसांच्या जागी उभं राहून बघा. घरात ताप आला की पोलीस आणि शिपाई येत. माणूस उचलून नेत. सामान जाळत. नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. आत काय चालतं हे सांगणारं आपलं कुणी आत नव्हतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा करून या जबरदस्तीला कायद्याचा आधार दिला. (हाच कायदा १२३ वर्षांनी, २०२० मध्ये, कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला.) ज्या जातींकडे पैसा होता त्यांनी आपापल्या जातीचे प्लेग दवाखाने काढले. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, त्यांनी जायचं कुठे?

त्याच साथीत पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांनी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्याकडे ना मोठी इमारत होती, ना सरकारी हुकूम. तरी तिथे कुणी दगड मारला नाही. कारण तिथे आजाऱ्याला उचलणारे हात आपले होते. आर्थर रोड आणि ससाणे मळा यांच्यात जो फरक होता, तोच आमच्या मते आरोग्यसंस्थेच्या नियोजनाचा पहिला धडा आहे.

एक खोली, एक बोळ

प्लेग आला तेव्हा सरकारने कलकत्त्याहून डॉ. हाफकिन यांना बोलावलं. हे मूळचे ओडेसाचे, ज्यू कुटुंबातले. भारतात ते पटकीच्या लसीचं काम करत होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला. मदतीला मोजकी माणसं. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली आणि टोचलेले व न टोचलेले यांचा हिशेब ठेवून फरक दाखवला.

पण लस शोधणं वेगळं आणि लाखो लोकांना पुरेल इतकी बनवणं वेगळं. खोलीची जागा बंगल्याने घेतली. मग आगाखानांनी त्यांचा खुश्रू लॉज वापरायला दिला. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात 'प्लेग रिसर्च लॅबोरेटरी' सुरू झाली. ही इमारत मूळची पोर्तुगीज पाद्र्यांची, पुढे इंग्रज गव्हर्नरांचं निवासस्थान. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नरच्या बाईसाहेब तिथे पटकीने वारल्या आणि गव्हर्नरसाहेब मलबार हिलकडे राहायला गेले. म्हणजे साहेब ज्या जागेतून रोगाला भिऊन निघाले, त्याच जागेत रोगावरचं औषध तयार होऊ लागलं.

या प्रयोगशाळेने फक्त लस केली नाही. उंदीर मरतात, त्यांच्यावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग पसरतो, हे पक्कं करण्याचं मोठं काम १९०५ पासून परळमध्येच झालं. आजार गरिबाच्या घाणेरड्या स्वभावातून येत नाही, तर त्याला राहायला दिलेल्या जागेतून येतो, हे यातून आपल्याला कळतं. प्लेगमुळेच १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या पोयबावडीच्या अशाच चाळीत बाबासाहेबांचं कुटुंब वर्षानुवर्षे राहिलं हे आपल्याला माहीतच आहे.

१९०६ मध्ये या संस्थेचं नाव बदललं आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. १९३२ पासून साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी संशोधन आणि उत्पादन हातात हात घालून चालवलं. लसी, रक्तजल, सल्फाची औषधं इथेच करून बघितली. गावी साप चावल्यावर जे इंजेक्शन जीव वाचवतं, तेही हाफकिनला होतं. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं-थोडं टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात.

पुढे १९७४-७५ मध्ये शासनाने संशोधन एका संस्थेकडे ठेवलं आणि उत्पादनासाठी वेगळं महामंडळ केलं. कागदावर ही वाटणी सोयीची दिसते. पण आम्ही गिरणीत बघितलं आहे की, सूत काढणारं खातं आणि कापड विणणारं खातं एकमेकांशी बोललं नाही तर दोन्हीकडे तुटवडा होतो. शोध लावणारा आणि माल काढणारा यांच्यामध्ये भिंत घालताना त्या भिंतीला दार ठेवलं पाहिजे.

अट घालून दिलेली देणगी

आता केईएमकडे वळू. १९२० च्या दशकापर्यंत मुंबईतलं वैद्यकीय शिक्षण म्हणजे जे. जे. आणि ग्रँट मेडिकल कॉलेज. तिथल्या मोठ्या जागा सरकारी सेवेतल्या गोऱ्या डॉक्टरांच्या हाती. हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला तरी प्राध्यापक होणं दुरापास्त. अशा वेळी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महापालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी मोठी देणगी देऊ केली आणि एक अट घातली: शिकवणारे सगळे हिंदी असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत.

या एका अटीवर शंभर वर्षांची संस्था उभी राहिली. २२ जानेवारी १९२६ रोजी केईएम रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेजचं रीतसर उद्घाटन झालं. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन झाले. हेच पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. देणगीदाराने इमारतीवर नाव कोरून घेतलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आत कोण बसेल हे आधी लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट जागेची. हे रुग्णालय कोटात नाही, मलबार हिलवर नाही, गिरण्यांच्या मध्ये उभं राहिलं. तिसरी गोष्ट पैशाची. खर्च महापालिकेने उचलला, म्हणजे शहराच्या करातून. आपण चहा पितो, भाडं भरतो, त्यातला काही भाग फिरून केईएमच्या खाटेपर्यंत जातो. म्हणून तिथे रांगेत उभं राहणारा माणूस भीक मागत नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

याच सुमाराची एक गोष्ट बाबासाहेबांनी नोंदवून ठेवली आहे. १९२९ साली काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर घरात येईना. शेवटी आला तो वस्तीबाहेर उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिलं, त्याने नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने बायकोला लावलं. न तपासताच औषध दिलं. बाई मेली. डॉक्टर होता, औषध होतं, थर्मामीटर होतं, तरी बाई मेली! म्हणूनच आम्ही म्हणतो, दार सगळ्यांना उघडं ठेवणं हे डॉक्टरच्या मनावर सोडून चालत नाही. ते संस्थेच्या नियमातच लिहावं लागतं.

पैसा कुठून येतो?

आपल्या परिसरात पैशाचे चार वेगवेगळे प्रकार बघायला मिळतात. महापालिकेचा प्रकार वर सांगितला. दुसरा वाडियाचा. गिरणीमालक वाडिया घराण्याने १९२६ मध्ये प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये मुलांचं रुग्णालय काढलं. मालक आमच्या घामावर मोठे झाले हे खरं, पण आमच्या बायका सुखरूप बाळंत झाल्या हेही खरं. दोन्ही लिहिलं पाहिजे. ही रुग्णालयं विश्वस्त, महापालिका आणि राज्य शासन यांच्या मेळाने चालतात. जानेवारी २०२० मध्ये अनुदानाच्या वादातून ती बंद पडायची वेळ आली, लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाने कान उपटले, तेव्हा पैसे सुटले. तिघांनी मिळून चालवायचं असेल तर कुणाचा वाटा किती आणि कोणत्या तारखेला, हे पक्कं नसलं की पोराबाळांचा जीव टांगणीला लागतो.

तिसरा प्रकार टाटाचा. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं, १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. कॅन्सरच्या रुग्णालयाचा अणूशी काय संबंध? तर किरणांचे उपचार. ते यंत्र, ते जाणकार, ते संशोधन त्या खात्याजवळ होतं. होमी भाभांनी हे ओळखलं. १९५२ मध्ये सुरू झालेलं कॅन्सर संशोधन केंद्र आणि रुग्णालय १९६६ मध्ये एकत्र केलं. ज्याने सुरुवात केली त्यानेच शेवटपर्यंत धरून बसलं पाहिजे असं नाही. संस्था पेलणाऱ्याच्या हाती वेळेवर देणं हीसुद्धा चांगली व्यवस्था आहे.

चौथा प्रकार आमचा, कामगारांचा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली. अहवाल १९४४ मध्ये आला. कायदा झाला १९४८ मध्ये, तेव्हा मजूरमंत्री जगजीवन राम होते. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. कामगाराने थोडं द्यायचं, मालकाने जास्त द्यायचं, त्यातून दवाखाना, औषध, आजारपणाचा पगार. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालकाचे सव्वातीन टक्के. दानाचा प्रश्नच नाही. हा हक्काचा दवाखाना.

पण याच योजनेत एक भोक राहिलं, आणि ते आमच्या घराने भोगलं.

कोणत्या खात्यात होता?

आमचे वडील कार्डिंग खात्यात होते. कापसाची धूळ अशी की माणूस घरी यायचा तो भुवयांसकट पांढरा. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळून यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबला, वर्गणी थांबली, आणि काही काळाने विम्याचं कार्डही निकामी झालं. म्हणजे ज्या वेळी घरात दाणा नव्हता आणि छातीत दम नव्हता, नेमक्या त्याच वेळी हक्काच्या दवाखान्याचं दार लागलं. आरोग्य नोकरीला बांधलं की नोकरीबरोबर आरोग्यही जातं. योजना आखणाऱ्यांनी आजाराचा विचार केला होता, बेकारीचा नीट केला नव्हता.

एका डॉक्टरने वडिलांना सांगितलं, विडी सोडा. वडील आयुष्यात विडी ओढले नव्हते. दुसऱ्याने टीबीचं औषध दिलं. मग आईने त्यांना केईएमला नेलं. केसपेपर काढला, चार तास बसले. आत एका तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, गिरणीत कोणत्या खात्यात होता?" आई हे सांगताना पुढे कित्येक वर्षे रडायची. म्हणायची, इतक्या दवाखान्यांत गेलो, खातं कुणीच विचारलं नव्हतं.

हा प्रश्न त्या डॉक्टरला आपोआप सुचला नव्हता, हे आम्हाला फार नंतर, वाचायला लागल्यावर कळलं. केईएमचे डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला होता. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळणं हीच त्याची खूण. कायद्यात तो भरपाईला पात्र असलेला धंद्याचा रोग आहे. म्हणजे संशोधन एका मजल्यावर झालं आणि त्यातून निघालेला प्रश्न ओपीडीत आमच्या वडिलांपर्यंत पोचला. दवाखाना आणि संशोधन एकाच आवारात का असावं, याचं याहून चांगलं कारण आम्हाला ठाऊक नाही. वडिलांना भरपाई मिळाली नाही, कारण इतकी वर्षे त्याच खात्यात होतो हे दाखवणारे कागद गिरणीने दिले नाहीत. पण रोगाला नाव मिळालं. विडीचा खोटा ठपका गेला.

एका चिमट्याची गोष्ट

शेवटी देखभालीबद्दल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांची जागा गेली. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. झालं होतं असं की, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. एवढं मोठं शास्त्र, आणि खाली पडलेल्या चिमट्याने १९ माणसं मारली.

हा जुना इतिहास नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं गेली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळं गेली. उद्घाटनाला फीत कापायला सगळे येतात. वायर तपासायला, जिना मोकळा ठेवायला, नळकांडं भरलेलं आहे का बघायला कोण येतं? गिरणीत ज्या दिवशी तेलवाला आला नाही त्या दिवशी मशीन बोंबलायची. दवाखान्यात तेलवाला नाही आला तर मशीन बोंबलत नाही, माणूस मरतो.

आपण काय करायचं?

आमची गिरणी २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा चालू झाली नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. पण दवाखाने अजून आहेत, आणि त्यांच्या रांगेत आपणच आहोत. १८९६ मध्ये आपल्या लोकांनी दगड मारले, कारण आत आपलं कुणी नव्हतं. आज आपल्याच वस्तीतल्या मुली तिथे परिचारिका आहेत, मुलं डॉक्टर होत आहेत, आपले भाऊ वॉर्डबॉय आणि सफाई कामगार आहेत. आता दगड मारायचं कारण नाही, पण गप्प बसायचंही कारण नाही.

म्हणून समितीला आमच्या तीन सूचना आहेत. विहाराच्या सभागृहात आठवड्यातून एक संध्याकाळ कुणीतरी लिहिता-वाचता माणूस बसावा, जो केसपेपर, विम्याचं कार्ड, योजनांचे अर्ज समजावून सांगेल. दुसरं, घरातल्या प्रत्येक आजाऱ्याने डॉक्टरला न विचारताच सांगावं की आपण काय काम करतो, कोणत्या धुळीत, कोणत्या वासात. आज गिरणी नसेल, पण गटार आहे, बांधकाम आहे, कचरा आहे. तिसरं, नगरसेवक मतं मागायला आला की त्याला रस्त्याबरोबर हेही विचारावं की, आपल्या रुग्णालयाची आगीची तपासणी कधी झाली आणि रिकाम्या जागा किती आहेत.

वडिलांचा तो पिवळा पडलेला केसपेपर आम्ही जपून ठेवला आहे. व्यवसाय या रकान्यात डॉक्टरने लिहिलं आहे: गिरणी कामगार, कार्डिंग. आमच्या घराण्याचा लिहिलेला इतिहास म्हणाल तर तो तेवढाच. पुढच्या पिढीने तो रकाना रिकामा सोडू नये, एवढंच मागणं आहे.

जय भीम!